तोरणाखालचा कांगो

कांगो नावाचा देश कुठे आहे हे एकसष्ट सालापर्यंत आमच्या गावात कुणालाही माहीत नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. बोरी अरबचा बाजार कोणत्या वारी भरतो एवढा भूगोल आम्हाला पुरत होता. गाव आमचं बोरीपासून दोन कोसांवर. पण त्या साली आपल्या फौजेची एक तुकडी तिकडच्या लोकांची आपसातली मारामारी थांबवायला कांगोला गेली, आणि तिच्यावरून आमच्या गावात जी मारामारी सुरू झाली ती थांबवायला मात्र कुणी आलं नाही.

भांडणारे दोघे होते. एक माझे बाबा. सोळा एकर वावर, दोन बैलजोड्या आणि गावात कुणाकडे नसेल इतका मोठा आवाज. दुसरे गुरुजी. शाळेचे, गावाचे आणि एकेकाळी माझेही. नागपूरचं वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन मोटारीनं त्यांच्याकडे यायचं, आणि ते वाचून झाल्यावर गुरुजी ग्रामपंचायतीच्या रेडिओपाशी कडुलिंबाखाली येऊन बसायचे.

"आपण जगाला शब्द दिला आहे," गुरुजी म्हणायचे. "जगाची पंचायत आहे ती. नुकता स्वतंत्र झालेला देश, त्याचा लचका तोडून न्यायला लोक टपले आहेत. आपण नाही जायचं तर कुणी जायचं?"

"जगाची पंचायत!" बाबा म्हणायचे. "मास्तर, आपल्या पंचायतीनं दोन सालात एक विहीर नाही उपसली. अन् गोवा? गोवा अजून पोर्तुगीजाच्या खिशात हाये. तो घरचा. तो सोडून कांगोले कायले गेलते?"

गोवा निघाला की गुरुजी अडखळायचे. मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून नवा मुद्दा घेऊन यायचे. एकदा त्यांनी शाळेच्या भिंतीवर गेरूनं अख्खी आफ्रिका काढून मधोमध कांगो दाखवला. बाबांनी भिंतीसमोर उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आंब्याची कोय काढली वाटते." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. गाव दोन्हीकडे वाटून गेलं. पानठेल्यावर सुद्धा कांगोवाले एका बाकावर आणि गोवेवाले दुसऱ्या.

गंमत अशी की दोन्ही बाजू फौजेच्या बाजूनं होत्या. बाबा म्हणायचे, जवानांचे हाल होतात म्हणून त्यांना परत बोलवा. गुरुजी म्हणायचे, जवानांची पाठ राखा, त्यांचं मन मोडू नका. जवान, जवान करून दोघांच्या घशाला कोरड पडायची. आणि आमच्या गावचा खराखुरा एकच जवान त्या कांगोत होता. तो फौजेत डायवर. त्याची आई आमच्या शेजारी राहायची. तिला मी मावशी म्हणायची. नवरा कधीचा गेलेला, घरात एक ती आणि गोठ्यात एक बैलजोडी. तिला मात्र कांगोबद्दल काय वाटतं हे त्या लिंबाखाली कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं, उगाच शहाणपण कशाला सांगू.

आता माझं सांगते. मी अठराची होते, सातवी पास होऊन घरी बसलेली, स्थळं यायची अन् माझं तोंड ऐकून परत जायची. यमक जुळवण्यात माझा हात कुणी धरत नसे. आणि आमच्याकडे यमकाला किंमत असते ती पोळ्याला. पोळ्याच्या दिवशी बैल सजून तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार ओळींची टोचणी. वर्षभरात ज्याला जे बोलायचं राहिलं असेल ते त्यानं त्या दिवशी यमकात, खणखणीत आवाजात म्हणायचं आणि सगळ्यांनी मागून हर हर महादेव करायचं. त्या दिवशी पाटलालाही बोललं तर पाटील रागवत नाही. रागावला तर पुढच्या साली त्याच्यावर दोन होतात.

बाबांच्या झडत्या दरवर्षी मीच जुळवायची. म्हणायचे ते, टाळ्या त्यांना. बायकांनी तोरणापाशी जायचं नाही, त्यांनी घरी आरती घेऊन बैलांची वाट पाहायची, म्हणून मी शेजारच्या ओट्यावर चढून माझ्याच ओळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची. त्या वर्षी बाबांना कांगोवर पाहिजे होत्या. मी लिहिल्या:

तुरीच्या वावरात शिरलं डुकर,
दिल्लीले पडली कांगोची फिकर!
आपली गाय हंबरते दारात,
हे कडबा टाकते दुसऱ्याच्या घरात!

बाबा इतके खूश झाले की मला बोरीच्या बाजारातून बांगड्या आणल्या. दोन दिवसांनी विहिरीच्या वाटेवर गुरुजी छत्री घेऊन उभे. इकडे तिकडे पाहून म्हणाले, "बाई, विचार माझ्याकडे पुष्कळ आहेत. यमक तेवढं माझ्या हाती लागत नाही. तुझ्या वडिलांना मात्र कळायला नको."

खरं तर मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण गुरुजींनी मला अक्षर शिकवलं होतं, आणि दुसरं असं की बाबांच्या झडतीला तोडीस तोड उत्तर काय असेल ते माझ्या डोक्यात आधीच तयार होतं. ते वाया कसं घालवू? मी लिहून दिली:

शेजाऱ्याच्या घराले लागली आग,
अन् आपल्या छपरात झोपला वाघ!
भरली हाये विहीर, हातात घागर,
तरी म्हणते बुवा, मधी सागर!

मग सवयच लागली. सकाळी चुलीपाशी बसून बाबांची, दुपारी विहिरीवर गुरुजींची. स्वतःच्याच कानाखाली स्वतः मारायची आणि वर हसायचं, असा तो माझा धंदा महिनाभर चालला. एका वहीत पुढून बाबा, मागून गुरुजी. मला कुणाचं खरं वाटत होतं म्हणता? ज्याची ओळ चांगली उतरली त्याचं.

तशात श्रावणाच्या सुरुवातीला मावशीच्या पोराचं पत्र आलं. मावशीला वाचता येत नसे, तिची पत्रं मीच वाचायची आणि मीच लिहायची. त्यानं लिहिलं होतं, इथं पाऊस लय. माती लाल हाये, काळी कुठी दिसत नाही. बैल तर कुठीच दिसत नाही, डोळे तरसले. काकाजी गेले, आता पोळ्याले आपली जोडी तोरणात कोण नेते ते कळव.

काकाजी म्हणजे मावशीचा दीर. आतापर्यंत तो जोडी न्यायचा, तो उन्हाळ्यात वारला होता. मावशीनं पेरणी सावडीनं उरकली, म्हणजे तिचे बैल आमच्या वावरात आणि आमचे बैल तिच्या. तिची जोडी चांगले पाच दिवस आमच्याकडे राबली होती.

"कोण नेते ते इचारून घेजो, अन् मंग लिहिजो," मावशी म्हणाली. "त्याचा जीव बैलात हाये."

"हो," मी म्हटलं. पण डाकवाला दारात पाणी पीत बसलेला. तो दर आठ दिवसांनी एकदा यायचा. आता कुणाला विचारायला जाऊ? आणि बाबांचं नाव लिहिलं तर गुरुजींवर अन्याय, गुरुजींचं लिहिलं तर बाबांवर. माझी तेव्हा दोन्हीकडे चाकरी होती ना! मी लिहून टाकलं, तुझी जोडी माझे बाबा आणि गुरुजी दोघं मिळून तोरणात नेतील, काळजी करू नको. मावशीला वाचून दाखवलं. तिचा चेहरा असा फुलला की बस्स. तिला वाटलं, मी विचारूनच लिहिलं. कागदावर खोटं लिहिता येतं हे त्या बाईला माहीतच नव्हतं.

नंतर विचारीन म्हटलं. पण विचारणार कसं? ते दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. एकाला विचारावं तर दुसऱ्याचं नाव कसं आलं म्हणून उलटतपासणी, आणि त्यातून माझी वही बाहेर. आज नको उद्या, उद्या नको परवा, असं करत पोळा उजाडला. आदल्या संध्याकाळी मावशीनं आपल्या बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळले आणि रीतीप्रमाणे त्यांच्या कानात आवतण दिलं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. मला कुंपणावरून ऐकू येत होतं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी ती कुंपणापाशी आली. "येतात न वं ते दोघंजण?"

"येतात, मावशी, येतात," मी म्हटलं. बाबा आरशासमोर फेटा बांधत होते आणि मी त्यांच्याकडून झडती पाठ करून घेत होते. मान वळवून मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आज हे लिहितानाही मला माझ्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

तोरण मारुतीच्या देवळासमोर बांधलेलं. पाटलाची मानाची जोडी पुढे, मागे सगळ्यांच्या. झुली, घुंगरं, शिंगांना बेगड, डफडं कडाडतंय. मी ओट्यावर. बाबांनी पहिली टाकली, तुरीच्या वावरात. लोक पोट धरून हसले. गुरुजींकडे बैल नव्हते, पण झडतीला बैल लागतोच असं नाही, तोंड लागतं. त्यांनी छत्री उंच करून घागर-सागर म्हटली. त्यांचेही लोक उड्या मारायला लागले. मग बाबांची जवान उपाशी आणि पुढारी तुपाशी. मग गुरुजींची जवान पुढे आणि भित्रे मागे. हर हर महादेव! अर्धा तास ते चाललं. दोन्हीकडून माझीच पोरं कुस्ती खेळत होती आणि मी इकडे गुदगुल्या झाल्यासारखी हसत होते.

आणि मागच्या बाजूनं गर्दी दुभंगली.

मावशी आली होती. जुनं विटलेलं लुगडं, दोन हातांत दोन कासरे, मागे तिची जोडी, तांबड्या आणि बांड्या. तांबड्याची शिंगं रंगवलेली, बांड्याच्या वेळी रंग संपला असावा, त्याला नुसती हळद लावलेली. बैल तिनं एकटीनं ओढ्यावर नेऊन धुतले होते, पोटापर्यंत लुगड्यावर चिखल वाळला होता. बाईमाणूस, त्यातून विधवा, तोरणाच्या दिशेनं बैल घेऊन येते हे आमच्या गावानं कधी पाहिलं नव्हतं. डफडंवाल्याचे हात थांबले.

"मावशे, बाईनं इकडं येऊ नये," कोतवाल म्हणाला, तोही हळूच.

"मले कुठी हौस हाये?" मावशी म्हणाली. "मी दुपारपासून दारात वाट पाहून राह्यली. हे दोघं नेणार व्हते. पत्रात लिवलं हाये." तिनं बाबांकडे बोट केलं, मग गुरुजींकडे. "या पोरीनं लिवलं, मले वाचून दाखवलं. शिक्का मारून गेलं ते पत्र कांगोले. माहा पोरगा तिकडं म्हणत असन, आज माहे बैल तोरणात हाये. आता तुमी सांगा, ते खोटं पडू देता काय?"

ती आवाज चढवून बोलली नव्हती, पण शेवटच्या बैलापर्यंत ऐकू गेलं.

"कवापासून जवान जवान करून राह्यले," ती म्हणाली. "मले घरी ऐकू येते न. त्याचे बैल कोणं धुतले ते इचारलं काय कोणं?"

बाबांनी आधी मावशीकडे पाहिलं, मग वर ओट्यावर माझ्याकडे. गुरुजींनीही तेच केलं. माय वो! जमीन फाटली असती तर मी नव्या बांगड्यांसकट आत गेले असते. बाबांचा चेहरा मी ओळखते, त्यांना पेरणीचे ते पाच दिवस आठवले होते. त्यांनी आपला कासरा चुलतभावाच्या हाती दिला, पुढे झाले, आणि मावशीनं पुढे केलेला तांबड्याचा कासरा घेतला. "चुकलं, बाई," म्हणाले. बाबांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

गुरुजींनी जन्मात बैल धरला नव्हता. त्यांनी छत्री मारुतीच्या पायरीला टेकवली, धोतराचा सोगा खोचला आणि बांड्याचा कासरा दोन्ही हातांनी धरला. दोघं जोडीच्या दोन बाजूंना, नजर समोर, एकमेकांशी एक अक्षर नाही. बैल मात्र शहाणे. सरळ चालत तोरणाखाली आले.

"झडती! झडती म्हणा!" लोक ओरडायला लागले.

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. गुरुजींनी घसा खाकरला, एवढंच. दोघांना जे काही पाठ होतं ते सगळं एकमेकांवर होतं, आणि एका जोडीचे दोन कासरे धरून ते म्हणता येत नव्हतं. शेवटी दोघांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेही काही नव्हतं. बरं झालं, पाटलांना दया आली, त्यांनी नुसतंच हर हर महादेव केलं आणि डफडं कडाडलं.

त्या आवाजासरशी बांड्यानं गुरुजींना लाथ मारली. गुरुजी चिखलात बसले ते असे बसले की टोपी एकीकडे, चष्मा एकीकडे. अख्खा पोळा हसला, गोवेवाले अन् कांगोवाले मिळून. बाबांनी त्यांना बगलेत हात घालून उठवलं.

"लागलं काय, मास्तर?"

"कांगोपेक्षा कमी," गुरुजी कण्हत म्हणाले. कासरा मात्र त्यांनी सोडला नव्हता.

त्यांनी जोडी मावशीच्या दारी नेली. तिनं बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली आणि दोघांच्या हातावर बोजारा ठेवला, म्हणजे बैल आणणाऱ्याला द्यायचे ते चार आणे. बाबा नाही म्हणाले नाहीत. नाही म्हटलं असतं तर तिचा अपमान झाला असता, तेवढं त्यांना कळलं होतं.

घरी आल्यावर बाबांनी फेटा सोडला. "मास्तरच्या झडत्या तुह्याच न?"

मी खाली मान घातली. "कशावरून?"

"त्याले कुठी येते एवढं चांगलं?" मग ते फेट्याची घडी घालत बसले. मला वाटलं आता वही चुलीत जाते. पण राग वेगळाच होता. "माह्यापेक्षा त्याच्या चांगल्या काहून लिवल्या तू? घागर अन् सागर माहं पाहिजे होतं."

भांडण संपलं नाही, उगाच का खोटं सांगू. पुढच्याच आठवड्यात रेडिओवर कांगोत लढाई पेटल्याची बातमी आली आणि लिंबाखाली बाबा पुन्हा गोव्यावर आणि गुरुजी पुन्हा शब्दावर. पण आता बातम्या सुरू झाल्या की दोघं आधी गप्प बसायचे. मावशी त्यांच्यामध्ये बसायची. बातम्या संपल्या की गुरुजी तिला सांगायचे, डायवर लोकांबद्दल काही नाही सांगितलं. काही नाही म्हणजे बरं, बाबा म्हणायचे. तिला घरी पोचवून मग दोघं भांडायला बसायचे.

पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पत्र लिहून टाकलं होतं. या वेळी मावशी सांगेल तेवढंच, एक शब्द पदरचा नाही. त्याला उत्तर येईना. तूर फुलावर आली, दिवाळी झाली. मावशी रोज अंगणात येऊन वाटेकडे पाहायची, आणि मी तिच्याकडे पाहायचं टाळायची. त्या दिवसांत मला एक यमक सुचलं नाही.

कापूस वेचायला आला तेव्हा उत्तर आलं. डाकवाल्यानं पाटलाच्या वाड्यापासूनच हाक मारली, "मावशे, कांगो आला!" मी वाचायला बसले, तर बाबा आणि गुरुजी दोघंही अंगणात हजर.

तो धड होता. लारीच्या काचेला गोळी लागली, मले नाही लागली, असं एका ओळीत लिहून पुढचं सगळं बैलांबद्दल. त्यानं लिहिलं होतं, बैल तोरणात गेले हे मी इथं चार जणांले वाचून दाखवलं. पण बांड्या गुरुजीच्या हातात कोणं देल्ला? तो डफडं ऐकून लाथ मारते हे आईले माहीत हाये.

गुरुजींनी मावशीकडे पाहिलं. मावशी बाबांकडे हात करून म्हणाली, "मंग काय करू? भाऊले रोजच्या रोज वावरात जा लागते. तुमाले लाथ बसली तरी बसून शिकवता येते."

बाबा इतके हसले की खाटेवरून घसरले. गुरुजीही हसले. मग मी शेवटच्या ओळी वाचल्या. आपल्या जोडीवर कोणती झडती म्हटली ते लिवलं नाही. ते लिहून पाठव. आमच्या तंबूत नागपूरचे दोघं हाये, संध्याकाळी म्हणू.

मी आत जाऊन वही आणली. पुढून बाबांच्या, मागून गुरुजींच्या, मिळून सतरा झडत्या होत्या. जवान हा शब्द जवळजवळ प्रत्येकीत होता. मी पुढून पानं उलटली, मग मागून. त्याला पाठवता येईल अशी त्यात एकही नव्हती.

"काय झालं वं?" मावशीनं विचारलं.

"मावशी, नवीन लिहावी लागते."

"मंग लिही," ती म्हणाली. "बैल कसे दिसत व्हते तेवढं लिही."